नासलेल्या भोपळ्याचा साबण

११ सप्टेंबर

इतके महिने एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. मायना मुद्दाम गाळला आहे. 'प्रिय' लिहिलं असतं तर तू भुवई उचलली असतीस आणि नुसतं नाव लिहिलं असतं तर विजेच्या बिलासारखं वाटलं असतं.

लिहायला निमित्त भोपळ्याचं आहे. जाण्यापूर्वी तू मागच्या नळाजवळ ज्या बिया पुरून ठेवल्या होत्यास, त्यांचा वेल भिंत ओलांडून शेजारच्या गॅरेजच्या पत्र्यावर गेला आणि सगळे भोपळे तिकडेच धरले. गॅरेजवाल्याने शिडी लावून ते उतरवून दिले आणि वर ऐकवलंही, पत्रा वाकला असता तर काय केलं असतं. तुझ्या आई त्याला म्हणाल्या की तुझ्या पत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा शोभा आली, तेवढं तरी मान. तो हसला. आता भोपळे स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली आहेत आणि जेवायला बसलं की पायाला लागतात. आई येता-जाता त्यांच्यावर टिचक्या मारतात.

पार्लरवालीला साबण हवा आहे. वर्षाअखेरीला नेहमीच्या बायकांना भेट द्यायला, आपण मागे केला होता तोच, भोपळ्याचा, संत्र्याच्या सालीच्या आणि लवंगेच्या वासाचा. मी नाही म्हणणार होते. माझ्या आधी आईंनी हो म्हणून टाकलं.

नाही का म्हणणार होते, ते तुला आता सांगते. माझं नाक बिघडलं आहे.

हिवाळ्यात मला ताप आला होता तेव्हा तू उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवत होतास. त्या तापात वास गेला. जाऊ दे, येईल परत, असं मी मनाशी म्हटलं. परत आला तो असा आला की गेलेलाच बरा होता. कॉफीचं झाकण उघडलं की टायर जळतंय आणि त्याच्या शेजारी गटार तुंबलंय, असं वाटतं. कांदा परतायला घेतला की मी घराबाहेर जाऊन उभी राहते. टूथपेस्टला शिळ्या अंड्याचा वास येतो, आणि ती तोंडात धरून घासावी लागते. सकाळी गरम पावाचा वास गल्लीत पसरतो तेव्हा लोक थांबून श्वास घेतात आणि मी नाकाला रुमाल लावून पळते. नाकाच्या डॉक्टरांनी सांगितलं, तारा तुटल्या होत्या, त्या परत जुळताना उलटसुलट जुळल्या आहेत असं समजा. सुधारेल का विचारलं तर म्हणाले, सुधारेल, किंवा नाही सुधारणार. लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरी अशा छोट्या बाटल्या दिल्या आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या. चारींमधून मला मेलेल्या उंदराचा वास येतो. तरी हुंगते.

तुला तेव्हा सांगितलं नाही. आपल्या कामात तू हात होतास आणि मी नाक. तू कॉस्टिक सोडा मोजायचास, तेलं गरम करायचास, आणि शेवटी वाटी माझ्यापुढे धरून माझ्या तोंडाकडे बघत राहायचास. त्या वाटीपुढे उभं राहून 'मला काही कळत नाही' असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. एवढंच कारण होतं का? नाही. पण आज एवढंच.

सध्या आई माझं नाक झाल्या आहेत, मात्र का ते त्यांना सांगितलेलं नाही. मी वाटी पुढे करते, त्या डोळे मिटून वास घेतात आणि निकाल देतात. त्यांना हे काम फार आवडलं आहे.

कॉफी, कांदा, टूथपेस्ट, पाव. यादीत आणखीही काही आहे. दारात उभं राहून जाताना तू जे विचारलंस त्याचं उत्तर या पत्रात नाही. शोधू नकोस.

वहीत लिहिताना शेवटी दुसऱ्या दिवसाचं एक काम टिपायची माझी सवय तुला माहीत आहे. उद्या: पहिला भोपळा कापायचा.


२८ सप्टेंबर

तुझं पत्र आलं. पाठपोट भोपळाच होता. गर शिजवून फडक्यात टांग, दोनदा चाळणीतून काढ, एकही तंतू राहता कामा नये. गराचं पाणी धरून सोड्याचं पाणी कमी कर. भोपळ्यात साखर असते, साबण आतून तापेल, साचा झाकू नकोस. लवंगेचं तेल जपून, मिश्रण एकदम आवळतं. तू समोर उभा राहून बोलतोयस असं वाटलं, आणि नेहमीसारखा थोडा रागही आला. मग अगदी खाली, सहीच्याही खाली, 'आणि दुसरं?'

आधी साबणाचं सांगते.

भोपळा कापला. तू कापायचास तेव्हा मला तो रंग आवडायचा. या वेळी आत हात घातला आणि बोटांभोवती ते ओले, बुळबुळीत धागे गुंडाळले गेले. कोणाच्या तरी नाकातोंडातून ओढून काढावेत तसे. बिया हातातून सुळकन निसटत होत्या. गर शिजायला ठेवला आणि खिडक्या उघडून अंगणात बसले. आतून येणारा वास ओल्या कुत्र्याचा होता, ते कुत्रं कोणीतरी प्लास्टिकबरोबर जाळत होतं. आई पातेल्यापाशी उभ्या राहून ढवळत होत्या आणि मला हाका मारत होत्या की घरात कसं छान वाटतंय.

गर बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला. फ्रिजच्या दाराचं रबर अजून तसंच आहे, खुर्ची टेकवून ठेवावी लागते. खुर्ची कधी कोणी काढली, मला माहीत नाही. मला दोन-चार दिवस उठवत नव्हतं. मग एका सकाळी बरणी उघडली. वर बुडबुडे होते. वास घेतला तर अंगावर शहारा आला. पण मला तर सगळ्याचाच शहारा येतो. सगळंच नासल्यासारखं वाटत असेल, तर खरोखर काय नासलंय ते कसं ओळखायचं? दूध ओतून टाकते आणि नंतर आई म्हणतात चांगलं होतं. गेल्या महिन्यात ताजी मासळी मी कचऱ्यात टाकली, आणि आई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

म्हणून बरणी आईंपुढे धरली. त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली.

"भोपळा आहे," म्हणाल्या. "भोपळ्याला भोपळ्याचा वास येतोय. त्यात काय विचारायचं?"

मी वापरला. दोनदा चाळायचा होता, एकदाच चाळला, कारण चाळताना उमासे आवरेनात. लवंगही आईंच्याच सांगण्यावरून वाढवली. अजून लागत नाही, अजून लागत नाही, असं त्या म्हणत गेल्या आणि मी थेंब टाकत गेले. मिश्रण बघता-बघता आवळलं. साच्यात कोंबावं लागलं. थोड्या वेळाने मधोमध फुगवटा आला, तडा गेला आणि त्यातून तपकिरी, तेलकट काहीतरी वर आलं. पिकलेल्या गळवासारखं. साचा अंगणात नेऊन गार केला. वड्या पाडल्या तेव्हा दिसायला ठीक होत्या. फळीवर सुकायला मांडल्या आहेत.

आता दुसरं.

आपल्या खोलीची खिडकी तू चौकटीसकट रंगवलीस आणि ती कायमची चिकटली, तेव्हापासून त्या खोलीत वारा नाही. ताप उतरल्यानंतरच्या एका सकाळी तू माझ्या केसांवरून हात फिरवायला वाकलास आणि मला ओकारी आली. मी तोंड दाबून न्हाणीघरात पळाले. पित्त झालंय म्हणाले. पुढच्या वेळी जागरण झालंय म्हणाले. मग मी बाहेरच्या कोचावर झोपायला लागले आणि तू दोनदा अंघोळ करायला लागलास. आपल्याच साबणाने, आणि तो साबण अंगावर घेऊन आलास की आणखीनच असह्य व्हायचं. शेवटी खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभा राहून तू विचारलंस, माझी किळस येते का तुला? मी फरशीकडे बघत राहिले. फरशीच्या फटीत साबणाचा पांढरा थर बसला होता, तो मला अजून आठवतो. तू बॅग भरलीस.

उत्तर: हो. येते.

फुलदाणीत फुलं कुजली आणि पाणी कोणी बदललं नाही की त्या पाण्याला जो वास येतो, तो तुझ्या मानेला येतो. हे लिहिताना हात अडखळत नाही, याचंच मला नवल वाटतं.

इथे थांबून सगळा दोष नाकावर टाकता आला असता. तुला तेच वाचायला आवडेल, मलाही तेच लिहायला आवडलं असतं. पण मी दिवसभर त्यावर विचार करते आहे. तापाच्या आधीही मला तुझा ओला टॉवेल गादीवर पडलेला बघवत नव्हता. वादात तू जिंकेपर्यंत थांबत नाहीस, आणि जिंकल्यावर घसा खाकरतोस. मी ते खाकरणं ऐकून दात आवळत असे. मग नाक बिघडलं तेव्हा, ज्याच्यासाठी मला शब्द सापडत नव्हते, त्याच्यासाठी एक वास सापडला, असं तर झालं नाही? बरणीचं जसं कळेना, तसंच हे. तिथे निदान आईंपुढे धरता आली. हे कोणापुढे धरू?

पत्र परत वाचलं तर फाडीन. म्हणून तसंच पाकिटात घालते आहे.


३ नोव्हेंबर

तुझं कार्ड आलं त्याला बरेच दिवस झाले. 'वास येतो, की मी नको आहे? एकच काय ते लिही.' मी ते फ्रिजला लावून ठेवलं होतं आणि येता-जाता वाचत होते. उत्तर सापडलं नाही म्हणून गप्प होते, राग म्हणून नव्हे. हेही तुला वेळेवर कळवायला हवं होतं.

मधल्या काळात इथे जे झालं ते आधी ऐक. ते ऐकल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वड्या सुकल्या, आईंनी प्रत्येकीला जाळीदार कागद गुंडाळून फीत बांधली आणि पार्लरवाली खोका घेऊन गेली, दोघी-तिघींना आधी वापरून बघायला देते म्हणाली. आठवड्याभरात ती परत आली. खोका तिने अंगापासून हातभर लांब धरला होता. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच खाली ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही स्वतः हा तोंडाजवळ नेलात का हो कधी?"

मग तिने सांगितलं. एका बाईने तोंडाला लावला आणि तिला वाटलं बेसिनच्या नळीतून काहीतरी वर आलंय, तिने प्लंबर बोलावला. दुसरीच्या घरी रात्री कपाटात ठेवलेल्या वडीचा वास सकाळी सगळ्या कपड्यांना. तिसरीची त्वचा लवंगेने लाल झाली. पार्लरवाली ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त सारखा हात पुसत होती, हाताला काही लागलेलं नसताना.

ती गेल्यावर मी एक वडी आडवी कापली. आत, जिथे जिथे गराचा गोळा राहिला होता, तिथे तपकिरी पाझर होता आणि पाझराभोवती करड्या बुरशीची लव. वडी घामेजल्यासारखी झाली होती. माझ्या नाकाला ती बाकीच्या जगापेक्षा वेगळी वाटली नाही, याचीच मला सगळ्यात जास्त किळस वाटली. शेणात राहणाऱ्याला शेणाचं काय, तसं माझं झालंय, आणि मी ते बायकांच्या तोंडाला लावायला दिलं.

आईंपुढे दोन्ही अर्ध्या वड्या ठेवल्या आणि म्हटलं, तुम्ही चांगला आहे म्हणालात.  त्यांनी अर्धी वडी उचलून हुंगली. पुन्हा हुंगली. मग खाली ठेवून आपल्या खोलीत गेल्या आणि उशीच्या अभ्र्यातून एक पत्र्याची डबी आणून माझ्यासमोर ठेवली.

तपकीर.

लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून ओढतात म्हणे. तुला कधी कळलं नाही. मलाही नाही, आणि त्यांचे हातरुमाल मी धुते. त्या डागांना मी चहाचे डाग समजत होते, चिमट्याने उचलून भिजत घालत होते आणि म्हातारपणी चहा सांडतोच म्हणून मनातल्या मनात त्यांना माफही करत होते. ते सगळं नाकातलं होतं. हे लिहितानासुद्धा हात धुवावासा वाटतोय.

म्हणजे त्यांना कशाचाही वास येत नाही. लवंगेचा नाही, भोपळ्याचा नाही, नासलेल्याचाही नाही. घरात दोन नाकं, दोन्ही निकामी, आणि दोघी एकमेकींपासून लपवून साबण करत बसलो होतो.

मी विचारलं की मग सांगायचं नाही का.

"तू विचारायला आलीस," त्या म्हणाल्या. "वाटी घेऊन. आई, बघा बरं, म्हणालीस. मला या घरात शेवटचं कोणी काय विचारलं होतं? जेवलात का, एवढंच."

 डबी बंद करून मी ती त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी उघडली, चिमूट घेतली, माझ्यासमोर पहिल्यांदा, आणि दणदणीत शिंकल्या. मग आपणहून सांगायला लागल्या. तुझे वडील लाकूड चिकटवायच्या सरसाच्या कारखान्यात होते हे मला माहीत होतं. तिथे हाडं आणि खुरं उकळत असत हे माहीत नव्हतं. ते घरी आले की आधी वास यायचा, मग ते यायचे. कपडे बाहेर काढून, अंग घासून आत आले तरी केसांत, नखांत, श्वासात तो असायचाच. पहिलं वर्ष आई त्यांच्या पानाशेजारी बसू शकत नव्हत्या. जेवण वाढून परसात जायच्या. कोणीतरी तपकीर दिली. नाक बधिर झालं. मग बसायला लागल्या.

मी विचारलं, किळस नाही वाटली कधी त्यांची?

"वाटायची की. रोज वाटायची. तपकीर संपली की अजून वाटायची."

"मग?"

"मग काय? वास नको होता. माणूस हवा होता. तपकीर संपली की आणायची."

तुला वाटेल, मी हे ऐकलं आणि मला साक्षात्कार झाला. नाही झाला. उलट मला वाटलं, हे त्यांचं खरं, माझं कशावरून? त्या काळात त्यांना परसाशिवाय दुसरीकडे कुठे जायला जागाच नसेल. आणि त्यांनी तुझ्या वडिलांच्या टॉवेलबद्दल, खाकरण्याबद्दल कधी दात आवळले होते की नाही, ते त्या मला थोडंच सांगणार. दुसऱ्याच्या तपकिरीवर आपला संसार चालवता येत नाही.

म्हणून काल दुपारी मी आपल्या खोलीत गेले. तुझी उशी कपाटात वर आहे, अभ्रा न धुतलेला. मी मुद्दामच धुतला नव्हता की आळसाने, तेही नक्की सांगता येत नाही. दार लावून घेतलं आणि उशीत तोंड खुपसलं. तेच कुजलेलं पाणी. उलटी झाली, खरीखुरी, बादलीत. न्हाणीघरात जाऊन चूळ भरली, तोंड धुतलं, आरशात बघितलं, डोळे लाल झाले होते. मग परत येऊन उशीशेजारी बसले. पुन्हा उमासा आला, पुन्हा गेले, पुन्हा येऊन बसले.

परत का येऊन बसत होते? परीक्षा पहिल्याच वेळी झाली होती. बरणीतला गर नासलाय असं वाटलं तेव्हा मी ती स्वतःपासून लांब करून आईंपुढे धरली होती. मासळी तर थेट टाकूनच दिली. कॉफी घरातून हद्दपार झाली, आणि कॉफी मला किती प्रिय होती हे तुला माहीत आहे. ज्याची किळस आली त्याच्यापासून मी पळाले, टूथपेस्ट आणि डॉक्टरांच्या बाटल्या सोडल्या तर एकूण एक वस्तूपासून. या उशीपाशी मात्र तोंड धुऊन पुन्हा पुन्हा येत होते. आईंनी विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, साबणाचं. त्या म्हणाल्या, खोटं बोलायचं तर निदान बादली तरी लपव.

आज सकाळी मी पार्लरवालीकडे जाऊन सगळं खरं सांगितलं, माझ्या नाकाचं आणि आईंच्याही. आईंनीच सांगितलं होतं, माझंही सांग. ती खुर्चीच्या पाठीला धरून हसत सुटली. पुढच्या खेपेला प्रत्येक बरणी तिच्या नाकाखालून जाईल, असं ठरलं आहे. वड्या परत गोळा केल्या. त्या मी टाकणार होते, तर गॅरेजवाल्याने मागून घेतल्या. म्हणाला, वासाचं काय, आमच्या इथे कोण हुंगतंय, पण ग्रीस काय निघतं हाताचं. आज दिवसभर तो सगळ्या गिऱ्हाइकांपुढे तीच वडी करतोय.

तू 'एकच काय ते लिही' म्हणालास. एकच लिहिलं तर खोटं होईल. वास येतो. तू हवास.

टॉवेलचं आणि खाकरण्याचं जसं होतं तसंच आहे, त्याला नाकाशी जोडू नकोस. त्यावर आपण भांडू, तू जिंकशील, मी दात आवळीन. नाक बरं होईल असं वचन मी देऊ शकत नाही, डॉक्टरही देत नाहीत. तू आलास तर दारातच मला ओकारी येईल, बहुधा. मी आत पळीन. तोंड धुऊन परत येईन. तेवढा वेळ बॅग हातात धरून उभा राहू नकोस, खाली ठेव. दोनदा अंघोळ करू नकोस, आपला साबण तर लावूच नकोस, साध्या पाण्याने कर. कोच मी आत आणणार आहे. एका खोलीत, दोन टोकांना, सध्यापुरतं.

तुला हे अपमानाचं वाटलं तर मला ते समजेल. कुजलेल्या पाण्यासारखा वास येतो असं सांगणाऱ्या बाईकडे कोणी का परत यावं, याचं कारण मला तरी देता येत नाही. फक्त या वेळी मी फरशीकडे बघितलं नाही, एवढं लक्षात घे.

आई म्हणतात, चिरंजीवांना तपकिरीचं लिहिलंस ना, नाहीतर आल्यावर मला लपवाछपवी जमणार नाही आता.

उद्या: आपल्या खोलीची रंगाने चिकटलेली खिडकी सुरीने सोडवायची.